मर्गाचा पंचनामा आटोपल्यावर

यवतमाळकडच्या ठाण्यात शेतकरी आत्महत्येचा मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल झाला की पंचनाम्यापासून घरच्यांच्या जबाबापर्यंत बहुतेक काम बीट अंमलदाराच्याच, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाच्याच अंगावर येतं. त्यानंतर थेट घर गाठू नका. बारही नको, दारूनं झोप लागते, पण मध्यरात्री मोडते. ठाण्याच्या आवारातच जोडीदारासोबत दहा मिनिटं बसा आणि काय पाहिलं, काय डोक्यातून जात नाही ते बोला. कलमं-बिलमं उद्या. तेच दृश्य आठवडेच्या आठवडे झोपेत येत असेल, तर टेलि-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा. सेवा मोफत, चोवीस तास, मराठीतही. साहेबांना कळेल म्हणून थांबू नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. जगणंच नकोसं वाटू लागलं तर त्याच क्षणी फोन करा, आणि हत्यार आधी जमा करा.