कोलेस्ट्रॉलसाठी जवस, इसबगोल, गुग्गुळ घेताय? या चुका टाळा

रिपोर्टमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) १६० आलं की आपल्या सोलापुरात पहिली गदा शेंगाचटणीवर येते. बिचारीचा दोष नसतो. कोलेस्ट्रॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, शेंगदाण्यात नाही. बीपी असेल तर चटणीतलं मीठ मात्र बघा. दुसरी गदा पडते डॉक्टरांनी दिलेल्या गोळीवर, आणि ही चूक सगळ्यात महागात पडते. "आता जवस सुरू केलंय, गोळी कशाला?" असं म्हणणारे घरोघरी आहेत. हार्ट अटॅक येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झालीय किंवा शुगर आहे, त्यांनी तर हा प्रयोग मुळीच करू नये.

इसबगोलाचा खरंच उपयोग होतो, पण किती? रोज ७ ते १० ग्रॅम भुसा नेमाने घेतला तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. म्हणजे १६० चं फार तर १४५-१५०. एक चमचा आठवड्यातून दोनदा घेऊन "फरक पडला नाही" म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेतली तर पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा. भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्या. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी घेतलं तर तो घशात अडकू शकतो. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं, थायरॉईडच्या गोळीला चार तास.

जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. कुटूनच खा. पण महिन्याची चटणी एकदम कुटून ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती खवट होते. आठवड्यापुरती करा, फ्रिजमध्ये ठेवा.

गुग्गुळाचं नाव मोठं आहे. पण २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं, काहींच्या अंगावर पुरळही उठलं. कोलेस्ट्रॉलसाठी मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

ऑनलाइन मिळणारी रेड यीस्ट राइसची (लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळाची) कॅप्सूल हा वेगळाच मामला. तिच्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिन हे कोलेस्ट्रॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषधच, फक्त डबीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं. स्टॅटिनची गोळी चालू असताना ही घेतली तर एकच औषध दुप्पट झाल्यासारखं. अंग, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा लघवी गडद झाली, तर थांबा आणि डॉक्टरांना डबी दाखवा.

लसणाच्या कॅप्सूल चालू असतील आणि रक्त पातळ होण्याची गोळीही असेल, तर दात काढण्याआधी ते सांगा.

तीन महिने सगळं नीट करूनही आकडा हलला नाही? आधी थायरॉईड तपासा. ते मंद असलं की एलडीएल चढतं. आणि आकडा १९० च्या वर असेल, घरात कुणाला ऐन चाळिशीत अटॅक आला असेल, तर दोष रक्ताच्या नात्यातला असू शकतो. तिथे इसबगोल पुरत नाही. डॉक्टरांना विचारून मुलांचीही लिपिड प्रोफाइल करून घ्या.