अंतरांवरून शिरोबिंदू ओळखताय? या चुका टाळा

ग्राफ म्हणजे काही बिंदू (शिरोबिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. त्यातले मोजके शिरोबिंदू खुणेचे म्हणून निवडायचे आणि प्रत्येक बिंदूचा पत्ता त्या खुणांपासूनच्या अंतरांनी, म्हणजे तिथे पोचायला कमीत कमी किती कडा लागतात त्या आकड्यांनी, लिहायचा. कुठल्याच दोन बिंदूंचा पत्ता सारखा निघाला नाही की निवड जमली. कमीत कमी किती खुणा लागतात, ते त्या ग्राफचं मेट्रिक डायमेन्शन. १९७५ मध्ये स्लेटर आणि १९७६ मध्ये हॅरारी व मेल्टर या गणितज्ञांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. प्रश्न इतका सरळ वाटतो की घाई होते.

सगळ्यात जास्त फसवते ती ‘खुणा जितक्या लांब तितक्या चांगल्या’ ही समजूत. ४×४ बिंदूंच्या जाळीत समोरासमोरचे, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांचे कोपरे घेऊन बघा. एका कोपऱ्यापासूनचं अंतर ३ असेल, तर दुसऱ्यापासूनचं ३ असणारच, कारण बेरीज नेहमी ६ येते. म्हणजे दुसरी खूण नवीन काहीच सांगत नाही. १६ बिंदूंना मिळून पत्ते फक्त ७! आता एकाच बाजूचे दोन कोपरे घ्या, सोळाही बिंदू सुटे होतात. षट्कोनी चक्रातही तेच: समोरासमोरचे बिंदू चालत नाहीत, शेजारचे दोन चालतात. हे वहीत स्वतः मांडून पाहाच, एकदा हाताने केलं की विसरत नाही.

दुसरी चूक, ‘एकही खूण काढता येत नाही, म्हणजे हाच सर्वांत लहान संच’ असं मानणं. पाच बिंदूंची सरळ साखळी घ्या, १ ते ५. खुणा २ आणि ३. यातली कुठलीही काढली की दोन बिंदूंचे पत्ते सारखे होतात. पण टोकाचा १ हा एकटाच पुरतो.

जुळे बिंदू आधी शोधा. ज्यांचे शेजारी अगदी तेच आहेत अशा दोघांत इतर कुठलीही खूण फरक करू शकत नाही, त्यातला एक घ्यावाच लागतो. मध्याला पाच पानं (फक्त मध्यालाच जोडलेले बिंदू) असलेल्या ताऱ्यात म्हणून ४ खुणा लागतात.

पत्त्यातला क्रम बदलू नका, (१, २) आणि (२, १) वेगळे आहेत. आणि अंतर कडा मोजून घ्या, कागदावरची लांबी पाहू नका.

दोनच खुणांत भागवायचं असेल, तर तीनपेक्षा जास्त शेजारी असलेला बिंदू खूण म्हणून निवडू नका. त्याच्या प्रत्येक शेजाऱ्याचं त्याच्यापासूनचं अंतर १, आणि दुसऱ्या खुणेपासूनचं अंतर फार तर एकाने कमी-जास्त होतं. म्हणजे पत्ते तीनच, चौथ्या शेजाऱ्याला जागा उरत नाही.