तापणारा प्रोसेसर बदलावा की ठेवावा?

डेस्कटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला आणि तापमानाचा आकडा नव्वदीत गेला, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो नव्या प्रोसेसरचा. पण प्रोसेसर तापणं आणि प्रोसेसर कमी पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचा इलाज बहुतेक वेळा प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरमध्ये, त्या दोघांमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टमध्ये किंवा बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) एखाद्या सेटिंगमध्ये असतो. नवा प्रोसेसर लागतो तो दुसऱ्याला. दोन्हींची गल्लत केली, तर नवी चिपही त्याच धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये, त्याच थकलेल्या कूलरखाली जाऊन बसते आणि तीही तापते. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. शेवटच्या पायरीपर्यंत जायची गरज बऱ्याच जणांना पडणार नाही.

पायरी १: आधी मोजा

विंडोजचा टास्क मॅनेजर या कामाचा नाही. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. मशीन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं काही न करता तसंच राहू द्या आणि तापमान नोंदवा. मग तुमचं रोजचं जड काम अर्धा तास चालवा: गेम, व्हिडिओ एक्स्पोर्ट, जे काही असेल ते. शेवटी सिनेबेंच या प्रोसेसर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी घ्या. प्राइम९५सारख्या चाचण्या चिपवर जो ताण टाकतात तो रोजच्या कामात सहसा येतच नाही, त्यामुळे त्यांच्या आकड्यावरून खरेदीचा निर्णय घेऊ नका.

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवा: तापमान, क्लॉक स्पीड (प्रोसेसरचा वेग), प्रोसेसर खात असलेले वॉट आणि खोलीचं तापमान. शेवटची नोंद हमखास राहून जाते. साधा हवेचा किंवा पाण्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही; तो दोघांमधला फरक आटोक्यात ठेवतो. खोली आठ अंशांनी तापली तर चिपही साधारण तेवढीच वर जाते, आणि त्यात बिघाड काही नसतो.

एएमडी कंपनीचा पहिल्या पिढीचा रायझन ७ १७००एक्स किंवा १८००एक्स वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. या चिप पंख्याच्या नियंत्रणासाठी खऱ्यापेक्षा २० अंश जास्तीचा आकडा कळवतात. सॉफ्टवेअरने तो वजा केलेला नसेल, तर धडधाकट चिपही भाजतेय असं वाटतं.

पायरी २: आकडा तुमच्याच चिपच्या मर्यादेशी ताडून बघा

"८० अंश म्हणजे जास्त का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप चिपची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. रायझन ५८००एक्स आणि ५९००एक्सची ९०. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपची ९५, पण ७८००एक्स३डीची ८९. २०२२ मध्ये ७००० मालिका आली तेव्हा एएमडीनेच सांगितलं होतं, की पूर्ण ताणाखाली ९५ अंशांवर चालणं हे या चिपच्या रचनेतच धरलेलं आहे. म्हणजे ७९५०एक्स रेंडरिंग करताना ९५ दाखवत असेल तर तो ठणठणीत आहे. चार कोअरचा जुना आय५ ब्राउझर उघडतानाच ९५ गाठत असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय.

एखादं अ‍ॅप उघडताना तापमान क्षणभर उसळून खाली येतं, तिकडे दुर्लक्ष करा. बघायचा तो दहा मिनिटांनंतर स्थिरावलेला आकडा.

पायरी ३: वेग पडतोय का, ते बघा

माझ्या मते खरी कसोटी हीच. चिप मर्यादेला पोचली की स्वतःचा वेग कमी करते, त्यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये त्यासाठी हो-नाही दाखवणारी वेगळी नोंद असते. तुमच्या नेहमीच्या कामात तिथे कायम "नाही" असेल, तर तापमानामुळे तुमचा वेग जात नाहीये, आकडा दिसायला कितीही भीतीदायक असो.

इथे एक फसगत होते. इंटेलच्या अनेक चिप सुरुवातीला जास्त वॉट घेतात आणि काही सेकंदांनी, ठरलेली मुदत संपली की, खालच्या मर्यादेवर येतात. वेग त्याच वेळी पडतो आणि दोष मात्र उष्णतेवर जातो. तापमान ७० आहे आणि क्लॉक खाली आलाय, असं दिसलं तर ती वॉटची मर्यादा आहे. कूलर बदलून तिथे काही हाती लागणार नाही. उलट तापमान मर्यादेला चिकटलेलं आणि क्लॉक खोक्यावर लिहिलेल्या बेस क्लॉकच्याही (किमान ठरलेल्या वेगाच्याही) खाली, असं असेल तर उष्णता बाहेर पडतच नाहीये. मग पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

पायरी ४: उष्णता कुठे अडलीय ते शोधा

आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर दोष प्रोसेसरचाही नाही आणि कूलरचाही नाही, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. पुढची जाळी साफ करा, पंखा हवा आत ओढतोय की बाहेर फेकतोय ते बघा.

फरक पडला नाही तर कूलरकडे वळा. इंटेलसोबत येणारा गोल कूलर चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो. त्यातली एक जरी नीट अडकली नसेल तरी कूलर तिरका बसतो आणि तापमान झपाट्याने चढतं. मदरबोर्डच्या मागून चारही टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते पाहा. पाण्याचा कूलर असेल तर काम सुरू करताच काही सेकंदांत आकडा शंभरीकडे धावणं, एक नळी गरम आणि दुसरी गार लागणं, ही पंप बंद पडल्याची लक्षणं आहेत.

मग पेस्ट. ती वर्षानुवर्षं गरम-गार होत सुकते किंवा मधून सरकून कडेला जाते. कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ जड कामावर चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते. नंतर मशीन बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. सुकलेल्या पेस्टने घट्ट धरलं असेल, तर सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपसून येतो आणि पिना वाकतात. पेस्ट गेलेली असेल तर लगेच कळतं: मधोमध धातू उघडा पडलेला, कडेला जाड थर, नख लावलं की खडूसारखी भुकटी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत पुसा, मध्यभागी लहानसा थेंब ठेवा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत जा. कूलर नवा असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.

पायरी ५: बायोसमध्ये वॉट कमी करून बघा

ही पायरी फुकटातली आहे, आणि मला सगळ्यात जास्त पटणारीही. कोअर आय९-१३९००केची मूळ मर्यादा १२५ वॉट आणि टर्बोत, म्हणजे वाढीव वेगात, २५३ वॉट. पण अनेक मदरबोर्ड ही मर्यादा उघडीच ठेवून येतात. ती इंटेलने ठरवलेल्या आकड्यावर आणा. रायझनमध्ये इको मोड असतो. १७० वॉटची चिप त्याने १०५ किंवा ६५ वॉटच्या गटात उतरवता येते. चिप खात असलेली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते आणि वरच्या शेवटच्या काही शे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. म्हणून वॉट चांगलेच कमी केले तरी वेग त्या मानाने थोडाच उतरतो.

इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी असेल आणि मशीन तापण्यासोबत अधूनमधून क्रॅशही होत असेल, तर इथेच थांबा. या चिपना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून त्या कायमच्या बिघडत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. त्यावरच्या दुरुस्त्या बायोस अपडेटमधून आल्या, पण आधीच बिघडलेली चिप त्यांनी बरी होत नाही. इंटेलने अशा चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. म्हणजे आधी वॉरंटीचा दावा करायचा, खरेदी त्यानंतरची गोष्ट.

पायरी ६: आता कामाचं बघा

इथवर येऊन तापमान आटोक्यात आलं आणि मशीन तरीही मंद वाटतंय, तर प्रोसेसर कमी पडतोय का ते तपासा. गेममध्ये रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम रेट चांगला वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डाची, जागचा हलला नाही तर प्रोसेसरची. इतर कामांत टास्क मॅनेजर उघडा ठेवा. रॅम भरलेली असेल किंवा डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर पैसे तिकडे घाला. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते. चिप त्याहून जुनी असेल आणि विंडोजवरच राहायचं असेल, तर बदलायला ते कारण तापमानापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

पायरी ७: बदलायचाच ठरला तर

सॉकेट बघा. एएम४ बोर्ड असेल तर जुना प्रोसेसर काढून ५७००एक्स३डीसारखी चिप त्याच बोर्डवर बसू शकते. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत तिचं नाव आहे ना, तेवढं पाहा. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर १२वी ते १४वी पिढी चालते. एएम५ किंवा एलजीए १८५१ या पुढच्या सॉकेटवर गेलात तर बोर्ड नवा लागतो आणि रॅम डीडीआर५ प्रकारचीच लागते.

नव्या चिपचा कमाल वॉटचा आकडा जुन्याशी ताडून घ्या. तो जास्त असेल तर खोलीत तेवढी जास्त उष्णता पडणारच. कूलर उत्तम असला तरी तो उष्णता बाहेर हलवतो, नाहीशी करत नाही. आणि त्याच बोर्डवर नवी चिप बसवणार असाल तर बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याच्या आधी करा. जुन्या बायोसला नवी चिप ओळखता आली नाही तर स्क्रीन काळीच राहते, आणि बोर्डला प्रोसेसरशिवाय बायोस बदलण्याची सोय नसेल तर जुना प्रोसेसर पुन्हा बसवावा लागतो.