न्यूर्बुर्गरिंग १९५७: फांजिओची शर्यत ग्राफ पेपरवर कशी उतरवायची

न्यूर्बुर्गरिंग या ट्रॅकवर झालेली ४ ऑगस्ट १९५७ ची जर्मन ग्रां प्री ही मोटारशर्यत सगळ्यांनी वाचलेली असते, कागदावर मांडून पाहिलेली मात्र थोड्यांनी. पिटमध्ये (इंधन आणि चाकांसाठी गाडी थांबते तिथे) वेळ गेला, मासेरातीचा चालक फांजिओ पिसाटासारखा सुटला, शेवटून दुसऱ्या फेरीत पुढे गेला, एवढंच लक्षात राहतं. आलेख काढला की त्यापलीकडचं दिसतं: फेरारीच्या दोघांना, हॉथॉर्न आणि कॉलिन्सला, धोका उशिरा का कळला. त्यासाठी एक सुट्टीची दुपार पुरते.

साहित्य साधं आहे. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिलिमीटरचे ग्राफ पेपर मिळतात; तीन घ्या, एक जादा ठेवा. सोबत २एच पेन्सिल, ३० सेंटिमीटरची पट्टी, तीन रंगांची बारीक टोकाची पेनं आणि एक ट्रेसिंग पेपर. पुण्याच्या पावसाळी हवेत कागद ओलसर होतो आणि शाई फुटते, म्हणून आधी सगळं पेन्सिलीनं काढा आणि शाई शेवटी फिरवा. जेल पेन नकोच.

सुरुवात वेळांपासून करा. फेरीवेळांच्या तक्त्यातून या तिघांच्या प्रत्येक फेरीची वेळ सेकंदांत लिहा. फांजिओची पोल, म्हणजे शर्यतीआधीच्या सरावातली सगळ्यांत वेगवान फेरी, ९:२५.६ होती, म्हणजे ५६५.६ सेकंद. विसाव्या फेरीतली विक्रमी वेळ ९:१७.४, म्हणजे ५५७.४. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कॅल्क्युलेटरवर ९.१७४ टाकलं की पुढचं सगळं बिघडतं. एक्सेलमध्ये दशांश न देता ९:२५ टाकलं तर तो नऊ तास पंचवीस मिनिटं समजतो. त्यापेक्षा थेट सेकंदच टाकावेत. तुमच्याकडच्या तक्त्यात एखाद्या फेरीची वेळ नसेल तर सरासरी काढून ती भरू नका. जागा मोकळी सोडा आणि दोन खात्रीचे बिंदू ठिपक्यांच्या रेषेनं जोडा.

आता शून्यरेषा. फांजिओनं २२ फेऱ्या ३ तास ३० मिनिटं ३८.३ सेकंदांत संपवल्या, म्हणजे १२,६३८.३ सेकंद. त्याला २२ ने भागलं की फेरीला ५७४.५ सेकंद येतात. दर फेरीला बरोबर एवढाच वेळ घेणारी एक काल्पनिक गाडी धरा. फेरी क्रमांकाला ५७४.५ ने गुणा आणि त्यातून चालकाची तोपर्यंतची एकूण वेळ वजा करा. उत्तर अधिक आलं तर बिंदू शून्याच्या वर, उणे आलं तर खाली. आडव्या अक्षावर एका फेरीला १ सेंटिमीटर, उभ्यावर १० सेकंदांना १ सेंटिमीटर. शून्यरेषा कागदाच्या मध्यावर न ओढता वरच्या बाजूला ओढा, कारण पिट थांब्यानंतर फांजिओची रेषा बरीच खाली जाते.

बेरीज बरोबर आहे का, हे शेवटच्या बिंदूंवरून कळतं. बाविसाव्या फेरीअखेर फांजिओ शून्याच्या ०.७ सेकंद वर हवा, ३.६ सेकंद मागे राहिलेला हॉथॉर्न २.९ सेकंद खाली, आणि विजेत्यापासून ३५.६ सेकंदांवर असलेला कॉलिन्स ३४.९ खाली. एवढं जुळलं तरच शाई घ्या. दुसरी चाचणी वेगाची: एक फेरी २२.८१ किलोमीटरची, म्हणून सरासरी ताशी १४२.९ किलोमीटरच्या आसपास यायला हवी.

रेषा वाचताना उंचीपेक्षा उतार पाहा. चढती रेषा म्हणजे त्या काल्पनिक गाडीपेक्षा वेगवान. विसाव्या फेरीत फांजिओ ५७४.५ पेक्षा १७.१ सेकंद लवकर आला, म्हणजे एका सेंटिमीटरच्या अंतरात रेषा १.७ सेंटिमीटर चढते. हा उतार पोलच्या वेळेच्या उताराशी ताडून पाहा: पोलला हाच आकडा ८.९ सेकंद होता. शर्यतीच्या शेवटाकडे, पोलपेक्षा आठ सेकंदांहून जास्त वेगवान! शब्दांत कितीही सांगितलं तरी हा फरक कागदावर दिसतो तसा पोचत नाही.

फेरारीच्या रेषा वाचायला अवघड, आणि खरी गंमत तिथेच. मासेराती अर्ध्या टाकीवर आणि मऊ टायरवर सुटली होती, थांबायचं आधीच ठरवून. फेरारी न थांबता शर्यत पुरी करायची म्हणून भरल्या टाकीनं निघाल्या. इंधन जळत गेलं की गाडी हलकी होते आणि रेषा आपोआप वर वळायला लागते. टायर झिजले की ती थोडी खाली ओढली जाते. त्यामुळे उत्तरार्धात फेरारीची रेषा सपाट राहिली तर त्याला ‘वेग कायम राखला’ असं म्हणू नका. टायर चांगले असतील तर तो हात राखून चालवल्याचा पुरावा असू शकतो.

पिट थांब्याचा बिंदू जपून मांडा. फांजिओ बाराव्या फेरीअखेर आत आला. काही तक्त्यांत तो तेराव्या फेरीत दाखवतात. वाद घालत बसू नका, ज्या फेरीची वेळ एकदम मिनिटभरानं फुगलेली दिसेल तिथे खूण करा. थांबलेला वेळ आणि गमावलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नका. जवळपास ३० सेकंदांची आघाडी घेऊन तो आत आला आणि बाहेर पडला तेव्हा पुढच्या जोडीपासून ४५ ते ५० सेकंद मागे होता. चाक बदलताना झालेल्या गोंधळाखेरीज वेग उतरवण्यात आणि पुन्हा चढवण्यात गेलेला वेळही त्यात आहे.

आता दुसरा कागद घ्या. यावर फक्त हॉथॉर्न आणि फांजिओमधला फरक, तेराव्या फेरीपासून पुढे. तो बिंदू-बिंदू काढून झाला की ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि ट्रेसिंग बरोबर एक सेंटिमीटर, म्हणजे एक फेरी, उजवीकडे सरकवा. ही सरकवलेली रेषा मूळ कागदावर तुटक काढा. पिटमधून चालकाला आकडे दाखवतात त्या फलकावर हॉथॉर्नला जो फरक दिसू शकत होता तो हा. हॉथॉर्न फेरी संपण्याची रेषा ओलांडून जातो, मागून फांजिओ येतो, तेव्हा फरक मोजला जातो. आणि तो आकडा हॉथॉर्नला दिसतो थेट पुढच्या फेरीअखेर, साडेनऊ मिनिटांनी. स्वारगेटहून निघून खडकवासल्याचं धरण मागे टाकून पानशेतच्या रस्त्याला लागावं, आणि तोवर मागच्याची काहीच खबर नसावी, तसं हे. दोन रेषांमधली उभी जागा पेन्सिलीनं भरा. फांजिओ फेरीला आठ सेकंद कमावत असेल तर फलकावरचा आकडा आठ सेकंद शिळा. एकविसाव्या फेरीत त्यानं दोघांनाही मागे टाकलं, तेव्हा भरलेला पट्टा किती रुंद आहे ते मोजा.

एक सावधगिरी मात्र हवी. न्यूर्बुर्गरिंगवर गाड्या पिटसमोरून जाऊन दक्षिण वळण घेत आणि पिटच्या मागच्या सरळ रस्त्यानं परत येत. फरक कमी झाल्यावर तिथे ताजा आकडा दाखवणं शक्य होतं. म्हणून तुटक रेषा ही उशिराची कमाल मर्यादा समजा.

तिसऱ्या कागदावर शेवटच्या तीन फेऱ्या मोठ्या करून काढा: फेरीला ४ सेंटिमीटर, २ सेकंदांना १ सेंटिमीटर. पहिल्या कागदावर ३.६ सेकंदांचा फरक जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरतो आणि पेनाच्या जाडीत हरवतो. इथे तो १.८ सेंटिमीटर होतो.

हात बसला की मोनॅको ग्रां प्री १९६१ घ्या. मॉसनं लोटस १८ मध्ये गिंथरच्या फेरारीला तिथेही ३.६ सेकंदांनीच हरवलं. पण फेऱ्या १०० आणि फेरीची सरासरी सुमारे ९९.५ सेकंद, म्हणून आडव्या अक्षावर फेरीला २ मिलिमीटर ठेवा. तिथेही ट्रेसिंग एक फेरी सरकवा: तुटक रेषा मूळ रेषेला जवळजवळ चिकटूनच चालते, कारण दोघांनाही दर दीड-पावणेदोन मिनिटांनी खरा आकडा मिळत होता.