हॉकीच्या गोलरक्षकाचे साहित्य : निवड, पारख आणि कोकणच्या हवेत करावयाच्या सुधारणा

कोकणात ज्या शाळांमध्ये हॉकी खेळली जाते, तेथे गोलरक्षकाचे साहित्य बहुधा कोणा एका खेळाडूचे नसते. ते शाळेच्या लोखंडी ट्रंकेचे असते. वर्षातून दोन-तीन वेळा ट्रंक उघडते, त्या वर्षी ज्याच्या वाट्याला गोल येतो त्याच्या अंगावर ते साहित्य चढते, आणि ते त्याच्या मापाचे आहे की नाही हे विचारण्याची पद्धत नसते. प्रस्तुत लेख हे साहित्य प्रथमच विकत घेऊ पाहणाऱ्या खेळाडूसाठी, त्याच्या पालकांसाठी आणि ट्रंकेची किल्ली ज्यांच्या खिशात असते त्या क्रीडाशिक्षकांसाठी आहे.

आधी चेंडू आणि गोल समजून घ्यावा

मैदानी हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि २२४ ते २३५ मिलिमीटर परिघाचा असतो. क्रिकेटचा चेंडू वजनाने जवळजवळ तेवढाच असतो आणि बर्फावरच्या हॉकीतील रबरी चकती, म्हणजे पक, १५६ ते १७० ग्रॅमची असते. वजने अशी जुळतात, म्हणून घरात पडून असलेले क्रिकेटचे पॅड चालतील, किंवा परदेशातील नातेवाइकाने पाठवलेले बर्फावरच्या हॉकीचे साहित्य तर उत्तमच चालेल, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे कळले की पुढची निवड निम्मी सोपी होते.

क्रिकेटचा फलंदाज पॅडने चेंडू थोपवतो. तो चेंडू तेथेच पडला तरी त्याचे काही बिघडत नाही. हॉकीचा गोलरक्षक मात्र पायाने चेंडू मारून दूर घालवतो. पाऊल हेच त्याचे मुख्य हत्यार असते आणि क्रिकेटच्या पॅडमध्ये पाऊल जवळजवळ उघडेच राहते. बर्फावरचा गोलरक्षक पक झेलून किंवा अंगाखाली झाकून खेळ थांबवू शकतो. मैदानी हॉकीत चेंडूवर पडून राहिल्यास पंच शिक्षा देतात. शिवाय बर्फावरचा गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असतो, तर आपला गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. रुंदी बरोबर दुप्पट आणि क्षेत्रफळ सुमारे साडेतीन पट. तेथला गोलरक्षक मोठ्या पॅडांच्या जोरावर बराचसा गोल भरून टाकतो. आपल्याकडे कितीही जाड पॅड बांधले तरी गोल भरत नाही, तेथे धावावेच लागते. म्हणून मैदानी हॉकीचे साहित्य पारखताना ‘हे किती झाकते’ या प्रश्नाआधी ‘हे घालून मला किती हलता येते’ हा प्रश्न विचारावा.

खरेदीचा क्रम

सगळा संच एकदम घेणे बहुतेकांना परवडत नाही. ऑलिंपिकमध्ये दोनदा कांस्यपदक जिंकणाऱ्या संघांचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेश याच्या पहिल्या पॅडांसाठी केरळमधील त्याच्या शेतकरी वडिलांनी घरची गाय विकली होती. हे साहित्य तेव्हाही स्वस्त नव्हते आणि आजही नाही. पैसे थोडे असतील तर प्रथम हेल्मेट, नंतर किकर (बुटावर चढवायचे पावलाचे कवच) आणि पॅड, त्यानंतर छातीचा गार्ड आणि हातांचे प्रोटेक्टर, या क्रमाने वैयक्तिक खरेदी करावी आणि उरलेले तूर्त ट्रंकेतून घ्यावे. ॲब्डॉमिनल गार्ड, म्हणजे जांघेचे कवच, मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचा असावा. त्याचे कारण सांगण्याची गरज नाही.

किकर आणि पॅड दिसायला महत्त्वाचे वाटतात, म्हणून पालक आधी त्यांच्याकडे वळतात. पण पायाचे हाड मोडले तर जुळते, डोळ्याचे तसे नसते. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या तोंडावर पक बसला. जखमेला टाके घालून तो परतला तो मुखवटा चढवूनच, आणि तेथून पुढे बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षकाने चेहरा झाकून खेळण्याची प्रथा रुजली. तोपर्यंत पायाला भलेमोठे पॅड बांधणारे गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहत, यावरून माणूस कशाला आधी जपतो ते दिसते.

हेल्मेट कसे पारखावे

दुकानात जाताना हॉकीचा एक जुना चेंडू खिशात ठेवावा. हेल्मेटच्या जाळीतील प्रत्येक फटीवर, विशेषतः डोळ्यांसमोरच्या आणि कडेच्या फटींवर, तो दाबून पाहावा. चेंडू आत तर जाता कामा नयेच, पण अर्धवट रुतून नाकाच्या जवळही येता कामा नये. नंतर हेल्मेट घालून पट्टा बांधावा आणि मान जोरात उजवी-डावीकडे हलवावी. डोके आधी फिरले आणि हेल्मेट मागून आले, तर ते सैल आहे. मुलगा वाढीला लागला आहे म्हणून एक माप मोठे घेण्याची सवय शाळेच्या गणवेशापुरती ठेवावी. सैल हेल्मेट चेंडू लागताच फिरते आणि जाळीची कड भुवईत घुसते. क्रिकेटचे हेल्मेट तर वापरूच नये, कारण त्यात गळा आणि डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकली जात नाही. हॉकीच्या हेल्मेटलाही गळ्याचा गार्ड वेगळा जोडावा.

वापरलेले पॅड घेण्यास हरकत नाही, वापरलेले हेल्मेट मात्र घेऊ नये. त्याने किती फटके खाल्ले आहेत ते बाहेरून दिसत नाही.

पॅड आणि किकर

या दोन वस्तूंवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. दुकानात आपले खेळण्याचे बूट घालून जावे, कारण किकर बुटावर बसतो, पावलावर नव्हे. किकर चढवून उभे राहिल्यावर त्याची खालची कड जमिनीच्या शक्य तितकी जवळ आली पाहिजे. तेथे फट राहिली तर चेंडू तिच्यातून सरकतो. त्यावर पॅड बांधावा आणि गुडघे वाकवून, टाचा किंचित उचलून, खेळताना उभे राहतो तसे उभे राहावे. या स्थितीत गुडघा पूर्ण झाकलेला हवा आणि पॅडचे वरचे टोक मांडीत रुतता कामा नये. आरशासमोर सरळ उभे राहून घेतलेले माप येथे निरुपयोगी असते. नंतर दुकानदाराची परवानगी घेऊन दहा पावले धावावे, एका बाजूला लांब पाय टाकून पाहावे. पॅड एकमेकांवर आपटत असतील तर ते रुंद आहेत किंवा पट्टे चुकीचे बसले आहेत.

नियमानुसार पायावर बांधलेल्या प्रत्येक पॅडची रुंदी ३०० मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. हाताचा प्रोटेक्टर सपाट ठेवून मोजला असता २२८ मिलिमीटर रुंदी आणि ३५५ मिलिमीटर लांबी यांच्या आत असला पाहिजे. मापपट्टी बरोबर न्यावी, कारण पातळ फोमचे स्वस्त पॅड वर्षभराच्या वापरानंतर पसरतात आणि सुरुवातीला नियमात बसणारी जोडी नंतर बसत नाही.

दोन जोड्यांची तुलना करताना पुढील साधी चाचणी उपयोगी पडते. दोन्ही पॅड जमिनीवर ठेवून कमरेच्या उंचीवरून चेंडू सोडावा. ज्यावरून तो अधिक उंच आणि सरळ उसळतो त्या पॅडचा फोम घट्ट आहे, आणि मैदानी हॉकीत हेच हवे असते, कारण मेलेला चेंडू समोरच पडतो आणि प्रतिस्पर्धी आघाडीवीर त्याचीच वाट पाहत असतो. मग अंगठ्याने फोम दाबून पाहावा. खड्डा तसाच राहिला तर तो फोम जुना झालेला आहे. न्यूझीलंडच्या ओबोसारख्या कंपनीचे साचेबद्ध फोमचे पॅड या चाचणीत चांगले उतरतात, पण त्यांची किंमतही तशीच असते. जालंधर आणि मेरठ येथे तयार होणाऱ्या मालात चांगले आणि वाईट दोन्ही मिळते, म्हणून तो घरबसल्या मागवण्यापेक्षा हाताळून घ्यावा. कापूस किंवा चिंध्या भरलेले, कॅनव्हासचे जुन्या पद्धतीचे पॅड कोकणात घेऊच नयेत. एका सरीत ते दुप्पट जड होतात आणि श्रावण संपेपर्यंत वाळत नाहीत.

हात आणि छाती

उजव्या हातात काठी असते, म्हणून उजवा प्रोटेक्टर घालून काठी धरता येते का, मनगट फिरते का, हे पाहावे. डावा जितका सपाट आणि ताठ तितका बरा. चेस्ट गार्ड घालून दोन्ही हात डोक्यावर नेता आले पाहिजेत. शालेय सामन्यांत बहुतेक चेंडू जमिनीलगत येतात, त्यामुळे छातीचा गार्ड निरुपयोगी वाटू शकतो. पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलाजवळ मिळणाऱ्या संधीत, फटकावून मारलेला पहिला चेंडू गोलात ४६० मिलिमीटरपेक्षा उंच जाता कामा नये, हा नियमही तो समज वाढवतो. पण ही मर्यादा फटक्याला आहे, फ्लिकला, म्हणजे न फटकावता काठीने उचलून फेकलेल्या चेंडूला, नाही. समोरच्या संघात ड्रॅग फ्लिक (चेंडू काठीने ओढत नेऊन मारलेला फ्लिक) मारणारा एक जरी खेळाडू आला तरी चेंडू खांद्याच्या उंचीवर येतो, आणि तेव्हा गार्ड आणण्यास वेळ नसतो.

सुधारणा : बांधणीत कराव्यात, संरक्षणात नव्हे

जो भाग मार झेलतो त्याला हात लावू नये; जो भाग त्याला अंगावर धरून ठेवतो तो हवा तसा बदलावा, हा सुधारणांचा साधा नियम. हेल्मेटला छिद्र पाडू नये, जाळीची सळई वाकवू नये, पॅडवर जादा फोम चिकटवून तो मोठा करू नये. शरीराचा आकार लक्षणीय वाढवणारे साहित्य नियमबाह्यच आहे. काठी हातातून सुटू नये म्हणून ती प्रोटेक्टरला बांधून ठेवण्याची युक्ती मुलांना हमखास सुचते. तीही नियमात बसत नाही.

पट्ट्यांच्या बाबतीत मात्र आपण किनारपट्टीवर राहतो हे भाग्यच म्हणावे. किकरचा तळव्याखालून जाणारा पट्टा जांभ्याच्या मैदानावर कानसीवर घासल्यासारखा झिजतो. शालेय वयात माझा असा पट्टा ऐन सामन्यात तुटला होता आणि उरलेला वेळ मी किकर सुतळीने बांधून खेळलो होतो; सुतळी तीन वेळा तुटली. त्यानंतर मिळालेला सल्ला एका जाळी विणणाऱ्या काकांचा होता आणि तो आजही तसाच लागू आहे. मिरकरवाडा, हर्णै, मालवण यांसारख्या बंदरांजवळच्या दुकानांत जाळ्यांचा नायलॉनचा दोरा आणि नायलॉनची पट्टी मिळते. जुन्या पट्ट्याच्या मापाची पट्टी कापून तिची टोके मेणबत्तीवर किंचित वितळवून घ्यावीत, म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि ती याच दोऱ्याने दुहेरी टाक्यांनी शिवावी. हाताने जमत नसेल तर ताडपत्री शिवणाऱ्याकडे किंवा चांभाराकडे द्यावे. जमिनीला घासणाऱ्या भागावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा नळीसारखा चढवला तर पट्टा अधिक काळ टिकतो.

पॅडचे बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला येतील असे फिरवून घ्यावेत. आत आले तर धावताना एकमेकांत अडकतात. खालचा पट्टा घट्ट, मधला बेताचा आणि गुडघ्याजवळचा किंचित सैल ठेवावा. हेल्मेटच्या जाळीचे स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात आणि गंजलेला स्क्रू एके दिवशी आपोआप तुटतो, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात त्याच मापाच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी बदलावेत. नौकांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ते सहज मिळतात.

सुटलेला फोम चिकटवताना चपलांसाठी वापरतात ते सोल्युशन चालते, पण काही सोल्युशन फोमला खातात. म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात एक थेंब लावून रात्रभर वाट पाहावी. डाग काढण्यासाठी पेट्रोल किंवा थिनर वापरू नये.

पावसाळ्यात जपणूक

चांगला फोम स्वतः पाणी पीत नाही. पाणी साठते ते अस्तरात, पट्ट्यांत आणि शिवणीत, आणि बुरशीही तेथूनच सुरू होते. खेळ झाल्यावर, विशेषतः समुद्राजवळच्या मैदानावर, सर्व साहित्य गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे. लाल माती शिवणीत राहिली तर ती वाळून धागा कापते. नंतर पडवीत किंवा पंख्याखाली एकेक वस्तू सुटी करून टांगावी. चुलीवरच्या उतवीवर काजू आणि सुकी मासळी ठेवतात म्हणून पॅडही ठेवण्याचा मोह आवरावा. उष्णतेने फोम वाकडा होतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोलीही तेच काम करते.

साठवताना पॅड आणि किकर पट्टे बांधूनच, गोलाई राखून, उभे ठेवावेत आणि त्यांच्यावर दुसरे काही रचू नये. एखादा किकर सपाट झालाच असेल तर तो कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवून, नरम पडल्यावर लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून रात्रभर बांधून ठेवावा. शाळेच्या ट्रंकेत साहित्य ठेवायचे असेल तर तळाशी लाकडी फळी टाकावी, झाकणाखाली हवा जाईल एवढी फट ठेवावी आणि जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा ट्रंक उघडून सगळे बाहेर काढावे.

स्पर्धेसाठी मुंबईला किंवा घाट चढून कोल्हापूरला टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, जायचे असेल, तर आदल्या रात्री प्रत्येक पट्टा ओढून पाहावा, स्क्रू हाताने फिरवून पाहावेत, पॅडची रुंदी पायावर बांधून पुन्हा मोजावी आणि पिशवीत नायलॉनचा दोरा, जाडसर सुई व दोन जादा बकल टाकावेत.