हाडाचा किंवा सांध्याचा संसर्ग: कोणता फोटो कधी काढावा

ताप, एकाच जागी सतत दुखणे, सूज आणि रक्तात वाढलेले सीआरपी व ईएसआर (शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) यांवरून हाडात किंवा सांध्यात संसर्ग असल्याची शंका येते, तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा नसून दिवसांचा असतो. दुखणे नेमके कधी सुरू झाले, ती तारीख आधी नक्की करावी, कारण एकच तपासणी तिसऱ्या दिवशी निरुपयोगी आणि तिसऱ्या आठवड्यात बोलकी ठरू शकते.

सुरुवात साध्या एक्स-रेनेच करावी आणि तो दोन दिशांनी काढावा. मात्र हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिज कमी झाल्याशिवाय एक्स-रेवर हाड पोखरलेले दिसत नाही, आणि त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यातला ‘नॉर्मल’ एक्स-रे संसर्ग नसल्याचा दाखला मानू नये. घरी निर्धास्त होऊन बसण्याची चूक नेमकी इथेच होते. तरीही तो काढायचा, कारण अस्थिभंग किंवा गाठ असल्यास कळते आणि दोन-तीन आठवड्यांनी काढलेल्या फोटोशी ताडून पाहायला आधार मिळतो.

लहान मूल एकाएकी पाय टेकेनासे झाले, मांडी हलवली की रडू लागले आणि अंगात ताप असला, तर खुब्याची सोनोग्राफी त्याच दिवशी करावी. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, भूल लागत नाही आणि सांध्यात साठलेले थोडेसे पाणीही दिसते. ते पाणी आहे की पू, हे मात्र तिच्यावरून ठरत नाही, त्यासाठी सुईने नमुना काढावाच लागतो. सांध्यातला पू कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झपाट्याने नष्ट करतो, म्हणून एमआरआयची तारीख मिळेपर्यंत हा नमुना थांबवून ठेवू नये.

हाडाच्या संसर्गासाठी सर्वांत उपयोगी तपासणी एमआरआय हीच आहे. अस्थिमज्जेतील सूज ती तीन ते पाच दिवसांतच दाखवते: चरबीमुळे एरवी उजळ दिसणारी मज्जा टी-१ या प्रकारच्या चित्रांत काळवंडते आणि चरबीची चमक दाबणाऱ्या स्टर (STIR) चित्रांत चमकते. गळू नेमके कुठवर पसरले आहे हे पाहण्यासाठी गॅडोलिनियम या चित्र ठळक करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देतात. त्याआधी मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, तसेच पेसमेकर किंवा शरीरातील धातूची माहिती आधीच सांगावी. दुखणे पाठीच्या कण्यात असेल, तर निदान एका क्रमातील चित्रे तरी संपूर्ण कण्याची घ्यावीत. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे नेहमी आढळतो आणि तो कधीकधी दूरच्या दुसऱ्या मणक्यातही लपलेला असतो. या रोगात मणक्यांमधली चकती बराच काळ टिकून राहते आणि बाजूला पातळ भिंतीचे मोठे गळू तयार होते, तर इतर जंतूंच्या संसर्गात चकती लवकर नष्ट होते. हा फरक मदतीचा आहे, पण एवढ्यावरून नऊ-बारा महिन्यांची औषधे सुरू करणे मला घाईचे वाटते.

मधुमेही पायाचे चित्र वाचताना जखमेची जागा आधी पाहावी. संसर्ग बहुधा जखमेखालच्याच हाडात, म्हणजे बोटांच्या मुळाशी किंवा टाचेत असतो; जखम नसताना पायाच्या मध्यभागी अनेक सांधे विस्कटलेले दिसले, तर शार्कोचा विकार (नसांची संवेदना गेल्याने सांधे मोडत जाणे) अधिक संभवतो.

जुनाट आजारात मेलेल्या हाडाचा तुकडा शोधायला सीटी स्कॅन चांगला. बोन स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेले हाडांचे चित्र) लवकर बदल दाखवतो, पण अस्थिभंग, शस्त्रक्रिया किंवा संधिवात यांनीही तो उजळतो; कृत्रिम सांधा बसवल्यावर तर वर्षभर आणि त्याहून अधिक काळही.

तपासणीच्या चिठ्ठीवर दुखण्याची तारीख, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया आणि सुरू असलेली प्रतिजैविके लिहिलेली असावीत. नातेवाईक पुष्कळदा फक्त रिपोर्ट घेऊन येतात. जुन्या फिल्म आणि सीडीही आणाव्यात. जंतू कोणता, हे कोणतेही चित्र सांगत नाही. रुग्ण स्थिर असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीच्या आधाराने नमुना काढेपर्यंत प्रतिजैविके थांबवावीत. प्रकृती गंभीर असेल तर थांबू नये. नमुन्याचा एक भाग कल्चर (जंतू वाढवून ओळखणे) आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) यांसाठी निर्जंतुक बाटलीत, दुसरा पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये पाठवावा. सगळाच नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला, तर त्यातले जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही.

उपचार सुरू झाल्यावर महिन्याभरात पुन्हा एमआरआय करण्याची घाई नको. रुग्ण बरा होत असतानाही मज्जेतली चमक बराच काळ राहते. दुखणे, ताप आणि सीआरपी उतरत असतील तर तेवढे पुरे, वाढत असतील किंवा पायांत बधिरपणा आला तर मात्र लगेच करावा.