लॅक ऑपेरॉनचा फीडबॅक आणि वाया गेलेले तीन आठवडे: या चुका टाळा

लॅक ऑपेरॉन म्हणजे ई. कोलाय या बॅक्टेरियातला, लॅक्टोज साखर वापरायला लागणाऱ्या जीन्सचा एकत्र चालू-बंद होणारा गट. सेम स्ट्रेन, सेम मीडिया, टीएमजीसुद्धा (हा गट चालू करणारं, साखरेसारखं रसायन) एकाच बाटलीतलं, १० मायक्रोमोलर. तरी माझ्या ट्यूबमधल्या ई. कोलायच्या पेशी फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा उजेड मोजणारं मशीन) झगझगीत हिरव्या, म्हणजे ऑपेरॉन चालू, आणि शेजारच्या बेंचवरच्या मैत्रिणीच्या ठार काळ्या, म्हणजे बंद. तीन आठवडे आम्ही एकमेकींच्या पिपेटवर संशय घेत होतो, टीएमजी नवीन बनवलं, मीडिया परत केला, सायटोमीटरवाल्या दादांचं डोकं खाल्लं, आणि शेवटी दोघींच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्यावर सापडलं काय, तर मी कॉलनी उचलली होती आयपीटीजीच्या (हेही टीएमजीसारखंच ऑपेरॉन चालू करणारं रसायन) प्लेटवरून, कारण फ्रीज उघडल्यावर तीच समोर होती, आणि तिने साध्या प्लेटवरून. ओव्हरनाईट, म्हणजे रात्रभर वाढवायचं कल्चर, दोघींनीही १० मायक्रोमोलरमध्येच लावलेलं. म्हणजे दोघींचेही रिझल्ट बरोबर होते!

"निगेटिव्ह" शब्दाचा घोळ

बीएस्सीला आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं की लॅक-आय हा रिप्रेसर (जीन दाबणारं प्रोटीन), तो ऑपरेटरवर (डीएनएवरची त्याची बसायची जागा) बसला की जीन बंद, म्हणून लॅक ऑपेरॉनचं रेग्युलेशन निगेटिव्ह. तिथवर ठीक आहे. पण व्हायव्हात कुणी विचारलं की यात फीडबॅक कुठला, तर तोंडातून आपसूक "निगेटिव्ह" निघतं आणि तिथेच गाडी घसरते. फीडबॅक ठरवायचा तर पूर्ण गोल फिरून परत सुरुवातीला यावं लागतं. लॅक-वाय म्हणजे परमिएज, साखर आत ओढणारा पंप. थोडी परमिएज असली की थोडं टीएमजी आत येतं, ते लॅक-आयला धरून ठेवतं, ऑपरेटर मोकळा होतो, अजून परमिएज बनते, अजून टीएमजी आत येतं. हा चक्क पॉझिटिव्ह फीडबॅक आहे.

वहीत करायची सोपी ट्रिक: गोल फिरताना दाबणाऱ्या खुणा मोजा. सम आल्या तर पॉझिटिव्ह, विषम आल्या तर निगेटिव्ह. वरच्या गोलात दोन आहेत, टीएमजी लॅक-आयला दाबतं आणि लॅक-आय परमिएजला. २००० साली नेचरच्या एकाच अंकात दोन कृत्रिम सर्किट आली होती, गार्डनर-कँटर-कॉलिन्सचा टॉगल स्विच (दोन रिप्रेसर एकमेकांना दाबतात) आणि एलोविट्झ-लायब्लरचा रिप्रेसिलेटर (तीन रिप्रेसर गोलात). दोन्हीकडे सगळे रिप्रेसरच, पण पहिलं लक्षात ठेवतं आणि दुसरं झुलत राहतं, फरक फक्त दोन आणि तीनचा.

आणि हो, लॅक्टोज घालून हा पॉझिटिव्ह फीडबॅक शोधायला जाऊ नका. खरा इंड्यूसर (ऑपेरॉन चालू करणारा पदार्थ) लॅक्टोज नाहीच, ॲलोलॅक्टोज आहे, त्याला लॅक-झेड हे ऑपेरॉनमधलंच एन्झाइम बनवतं आणि तेच तोडतंही, त्यामुळे एका गोलात दुसरा गोल मिसळतो. टीएमजी पेशी खात नाही, म्हणून ते वापरायचं.

आदल्या दिवशीचं कल्चर वहीत न लिहिणं

आमची चूक हीच. ही गोष्ट नवीनही नाही, नोविक आणि वायनर यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की कमी इंड्यूसरमध्ये पेशी अर्धवट चालू होत नाहीत, एकतर पूर्ण चालू नाहीतर बंद, आणि एकदा चालू झालेली पेशी कमी डोसमध्येही पिढ्यानपिढ्या चालूच राहते. २००४ मध्ये ओझबुदाक, फान आउडेनार्डेन वगैरे मंडळींनी याचे आकडे दिले: बंद पेशी चालू करायला ३० मायक्रोमोलरच्या वर टीएमजी लागतं, पण चालू पेशी बंद करायची तर ३ च्या खाली यावं लागतं. आमचं १० बरोब्बर मधे! तिथे पेशी काय करेल हे डोसवर नाही, ती काल काय करत होती त्यावर ठरतं. (हे आकडे त्यांच्या स्ट्रेनचे, त्यांच्या मीडियातले, ग्लुकोज नसतानाचे, तुमच्याकडे वेगळे येणार, जसेच्या तसे कॉपी करू नका.)

उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. ओव्हरनाईट दोन लावायची, एक अजिबात इंड्यूसर नसलेलं आणि एक भरपूर इंड्यूसर असलेलं, दोन्ही धुवून, चांगली पातळ करून डोसच्या त्याच मालिकेत टाकायची आणि बऱ्याच पिढ्या वाढू द्यायची. दोन्हीकडून आलेल्या रेषा एकमेकींवर बसल्या तर आठवण वगैरे काही नाही, मधे फट राहिली तर तीच तुमची हिस्टेरेसिस, म्हणजे पेशीची आठवण. एकाच बाजूने केलेला प्रयोग कितीही वेळा रिपीट केला तरी ही फट दिसणार नाही, आणि एरर बार मात्र छान छोटे येतील.

फक्त प्लेट रीडरवर विसंबणं

प्लेट रीडर सगळ्या पेशींची सरासरी देतो. डोस वाढवत नेला की ग्राफ मस्त गुळगुळीत चढतो आणि आपण लिहून मोकळे होतो की रिस्पॉन्स ग्रेडेड (डोसप्रमाणे हळूहळू वाढणारा) आहे, प्रत्यक्षात काय होत असतं तर पेशी एकेक करून चालू होत असतात, म्हणजे चढतं ते चालू पेशींचं प्रमाण, एका पेशीचा उजेड नाही. सायटोमीटरवर दोन टेकाडं दिसली की समजायचं. रिप्रेसिलेटरचं तर अजूनच वाईट, प्रत्येक पेशी आपल्या तालात झुलते, ट्यूब मोजली तर सरळ रेष आणि सर्किट चालतच नाही असं वाटून चांगला क्लोन फेकून दिला जातो. सायटोमीटर नसला तर साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणि शंभरेक पेशी मोजायची चिकाटी चालते.

आणि तुम्हाला मुळात ग्रेडेड रिस्पॉन्सच हवा असेल (प्रोटीन एक्सप्रेशनवाल्यांना बहुतेक वेळा तोच हवा असतो) तर गोल तोडा. आयपीटीजी परमिएजशिवायही आत शिरतं, म्हणून लॅक-वाय नसलेला स्ट्रेन घ्या. अरॅबिनोज या साखरेवर चालणाऱ्या पी-बॅड प्रमोटरलाही (प्रमोटर म्हणजे जीन सुरू करणारा डीएनएचा तुकडा) हाच आजार, तिथेही अरॅबिनोज आत आणणारे पंप अरॅबिनोजनेच चालू होतात, त्यावर इलाज म्हणजे ज्यात अरा-ई (त्यातलाच एक पंप) कायम चालू असतो असा स्ट्रेन.

रिपोर्टर प्लाझमिडनेच फीडबॅक मारणं

ही चूक करणारे खूप. रिपोर्टर म्हणजे ऑपेरॉनसोबत चालू होऊन उजेड देणारा जीन, प्लाझमिड म्हणजे क्रोमोझोमबाहेरचा डीएनएचा गोल तुकडा. पेशीत लॅक-आयचे टेट्रामर (चार-चारचे जुडगे) असतात जेमतेम दहाच्या आसपास. त्यात तुम्ही लॅक ऑपरेटर असलेलं, शेकडो कॉपीचं प्लाझमिड घुसवलं की सगळा रिप्रेसर तिकडेच चिकटून बसतो, क्रोमोझोमवरचा ऑपेरॉन उघडा पडतो, आणि मग "हिस्टेरेसिस दिसत नाही हो" म्हणून मेसेज. वरच्या २००४ च्या कामात त्यांनी हे मुद्दाम करून दाखवलंय, रिप्रेसर असा वाटला गेला की स्विच जाऊन रिस्पॉन्स ग्रेडेड होतो. रिपोर्टर क्रोमोझोमवर एकच कॉपी ठेवा. नुसतं लीक (इंड्यूसर नसतानाही थोडं चालू राहणं) थांबवायचं असेल तर लॅक-आय-क्यू (जास्त रिप्रेसर बनवणारं लॅक-आयचं रूप) चालेल, त्याने रिप्रेसर साधारण दहापट होतो, पण मग तुमचे सगळे थ्रेशोल्डही सरकतात.

ग्लुकोजचं थोडक्यात. लीक नको म्हणून ओव्हरनाईटमध्ये १ टक्का ग्लुकोज घालतात, सकाळी शंभरपट पातळ करतात आणि वाटतं गेलं. त्यातलं उरलेलं ग्लुकोज नव्या फ्लास्कमध्ये येतंच, आणि ते संपेपर्यंत परमिएज अडलेली आणि सीएएमपी (ऑपेरॉन जोरात चालायला लागणारा रेणू) कमी. सेंट्रीफ्यूज करून दोनदा धुवा.

बंद व्हायला वेळ न देणं

इंड्यूसर काढला, तासाभराने बघितलं, पेशी अजून हिरव्या, म्हणून लगेच "मेमरी आहे" असं लिहू नका. साधं जीएफपी (हिरवा उजेड देणारं प्रोटीन) फार टिकाऊ असतं, ते कमी होतं ते पेशी वाढून वाटलं गेलं म्हणून. दर पिढीला निम्मं, पाच पिढ्यांनी बत्तिसावा हिस्सा. मिनिमल मीडियात तासाला एक पिढी धरली तर पाच तास, आणि वाढ थांबलेल्या कल्चरमध्ये तर ते तसंच बसून राहतं. एसएसआरए टॅग (पेशीला ते प्रोटीन मोडायला लावणारी शेपटी) लावलेलं जीएफपी वापरलं तर लवकर मोडतं, उजेड कमी मिळतो पण खोटी मेमरी दिसत नाही.

उलट बाजूला निगेटिव्ह फीडबॅकची एक चूक आहे. तो ब्रेक आहे म्हणून तो सिस्टीम स्लो करतो असं सर्रास लिहिलं जातं. रोझेनफेल्ड, एलोविट्झ आणि अलोन यांनी २००२ मध्ये टेट-आर हा रिप्रेसर स्वतःलाच दाबतो असं सर्किट करून दाखवलं की उलट होतं, टिकाऊ प्रोटीनला निम्म्या पातळीला पोचायला एरवी एक पिढी लागते, इथे साधारण पाचव्या हिश्श्यात काम झालं. जोरदार प्रमोटरने सुसाट निघायचं आणि पोचल्यावर स्वतःच ब्रेक दाबायचा, असा प्रकार. पण तुलना करताना दोन्ही सर्किटची शेवटची पातळी सारखी हवी, नाहीतर वेगाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

शेवटचं, ट्रिप्टोफॅनवाल्यांसाठी. ट्रिप्टोफॅन (एक अमिनो ॲसिड) ट्रिप-आर या रिप्रेसरला जोडून ते बनवणाऱ्या जीन्सचा ऑपेरॉन दाबतं, तो जीनवरचा फीडबॅक. तेच ट्रिप्टोफॅन अँथ्रॅनिलेट सिंथेज या ट्रिप्टोफॅन बनवण्याच्या वाटेवरच्या एन्झाइमलाही थेट अडवतं, तो वेगळा फीडबॅक, क्षणात होणारा. पहिल्यात आधी बनलेलं एन्झाइम वाटलं जाईपर्यंत पिढ्या जातात. दोन्हीला "फीडबॅक" म्हणून एकाच मॉडेलमध्ये एकाच वेगाने टाकलं की सिम्युलेशन विचित्र झुलायला लागतं. वेगळं करायचं असेल तर पेशी फोडून एक्स्ट्रॅक्ट घ्या आणि ट्रिप्टोफॅन घालून आणि न घालता एन्झाइमची ॲक्टिव्हिटी मोजा. तिथे नवीन प्रोटीन बनतच नाही, त्यामुळे जी घट दिसेल ती थेट अडवण्याची. फक्त एक्स्ट्रॅक्टमध्ये पेशीतलंच ट्रिप्टोफॅन उरलेलं नाही ना ते बघा, आधी डायलिसिस करा.